टॅक्सी ड्रायव्हर: एक चित्रपट, चार ज्युरी

फेब्रुवारी १९७६ मध्ये 'टॅक्सी ड्रायव्हर' न्यूयॉर्कमध्ये लागला आणि त्याच्या जरा आधीपासून सहा-सात वर्षांत चार ज्युरींपुढे उभा राहिला. पहिली अमेरिकेतल्या प्रमाणपत्र मंडळाची, दुसरी फ्रान्समधल्या कान महोत्सवाची, तिसरी ऑस्करच्या अकादमीची. चौथी ज्युरी म्हणजे वॉशिंग्टनच्या न्यायालयात बसलेले बारा सामान्य नागरिक. खटला चित्रपटावर नव्हता, पण बचाव पक्षाचा पुरावा म्हणून तो त्या बारा जणांना कोर्टात दाखवला गेला.

चित्रपट चांगला की वाईट, यावर फारसं भांडण कधी झालंच नाही. ज्यांना तो पटला नाही त्यांनीही नायक रॉबर्ट डी नीरोचं काम आणि दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसीची पकड मान्य केली. भांडण झालं ते ट्रॅव्हिस बिकल या नायकाच्या किती जवळ चित्रपट उभा आहे, यावर. तो त्याच्या नजरेतून शहर बघतो, की त्याच्याकडे बघतो? माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर चित्रपटाच्या शेवटच्या काही मिनिटांतच आहे. तिथे चित्रपट स्वतःचं स्वागत कसं होणार तेही दाखवून मोकळा होतो. समीक्षकांना ते दिसायला मात्र वेळ लागला, आणि काहींना अजूनही दिसत नाही.

कथा थोडक्यात अशी. ट्रॅव्हिस बिकल सव्वीस वर्षांचा, मरीन दलातून १९७३ साली सुटलेला. झोप लागत नाही म्हणून रात्रपाळीला टॅक्सी चालवतो. शहरातली घाण धुऊन काढणारा पाऊस कधीतरी पडेल, असं डायरीत लिहितो. सेनेटर पॅलेंटाइनच्या प्रचार कार्यालयातली बेट्सी (सिबिल शेफर्ड) त्याला आवडते. तिला सिनेमाला म्हणून नेतो ते थेट अश्लील चित्रपटाच्या थिएटरात. ती निघून जाते. मग तो पिस्तुलं विकत घेतो, व्यायाम करतो, आरशापुढे उभा राहून कुणाशी तरी भांडतो. पॅलेंटाइनला मारायला जातो, ते फसतं. त्याच दिवशी रात्री तो आयरिस (जोडी फॉस्टर) नावाच्या साडेबारा वर्षांच्या मुलीला धंद्याला लावणाऱ्यांच्या इमारतीत शिरतो आणि तीन माणसं मारतो. पुढे काय होतं ते नंतर सांगतो, कारण सगळा वाद तिथेच आहे.

शहर आणि पटकथा

१९७५ च्या उन्हाळ्यात चित्रीकरण झालं तेव्हा न्यूयॉर्क दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होतं. जुलैत सफाई कामगारांचा संप झाला आणि कचऱ्याचे ढीग फुटपाथवर साचले. पोलिसांच्या संघटनांनी नोकरकपातीच्या निषेधार्थ पर्यटकांसाठी पत्रक काढलं होतं; त्याचं शीर्षकच 'भीतीच्या शहरात स्वागत' अशा अर्थाचं होतं. ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी शहराला केंद्राची मदत नाकारली, तेव्हा एका दैनिकाने 'फोर्ड शहराला म्हणतात: मरा' अशा धाटणीचा मथळा दिला. त्यामुळे चित्रपटातल्या गटारांच्या वाफा आणि निऑनचे दिवे न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला अतिशयोक्ती वाटले नाहीत. व्हिएतनामचं युद्धही नुकतंच, एप्रिल १९७५ मध्ये, संपलं होतं.

पटकथाकार पॉल श्रेडर मुळात समीक्षक. मिशिगनमधल्या कर्मठ कॅल्विनपंथी (प्रोटेस्टंट ख्रिस्ती) घरात वाढलेला. सतरा वर्षांचा होईपर्यंत त्याने सिनेमा पाहिला नव्हता. ओझू, ब्रेसाँ आणि ड्रेयर या दिग्दर्शकांवर त्याने लिहिलेलं पुस्तक १९७२ साली आलं. साधारण त्याच काळात संसार मोडलेला, राहायला घर नाही, गाडीतच दिवस काढतोय आणि पोटात अल्सर, अशा अवस्थेत त्याने ही पटकथा लिहिली. महानगरात एकटा फिरणारा लोखंडी डबा म्हणजे टॅक्सी, ही प्रतिमा त्याला तिथे सापडली. मे १९७२ मध्ये आर्थर ब्रेमर नावाच्या तरुणाने अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याचीही डायरी होती, ती १९७३ साली छापून आली. आपण पटकथा त्याआधीच लिहिली होती, असं श्रेडर सांगत आला आहे. म्हणजे वास्तवातल्या हल्लेखोराची सावली या चित्रपटावर जन्मापासून आहे. पुढे हीच साखळी उलट्या दिशेनेही ओढली गेली.

पहिली परीक्षणं

पॉलीन केल यांचं 'न्यूयॉर्कर'मधलं परीक्षण या चित्रपटाच्या भाग्यात सर्वांत मोलाचं ठरलं. खऱ्या अर्थाने आधुनिक अशा मोजक्या भयपटांपैकी हा एक, असं त्यांनी लिहिलं, आणि ट्रॅव्हिसचं नातं दोस्तोयेव्हस्कीच्या 'भूमिगत माणसा'शी जोडलं. त्यांचं शेवटाबद्दलचं वाचन मला अजून सर्वांत अचूक वाटतं: ट्रॅव्हिस बरा झालेला नाही, शहरच त्याच्याहून वेडं आहे. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. श्रेडरला चित्रपटाच्या शिक्षणाकडे वळवण्यात केल यांचाच हात होता. शिष्याच्या पटकथेचं गुरूने केलेलं कौतुक म्हणून हे परीक्षण मोडीत काढावं असं मी म्हणणार नाही. पण त्या काळातल्या न्यूयॉर्क-कॅलिफोर्नियाच्या चित्रपट वर्तुळात कोण कुणाचं होतं, हे ठाऊक असलेलं बरं.

शिकागोत रॉजर ईबर्ट यांनी पूर्ण चार तारे दिले. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे व्हिन्सेंट कॅन्बी डी नीरोवर खूष होते. ईबर्ट पुढे कित्येक वर्षं या चित्रपटाकडे परत परत वळत राहिले. आरशापुढचा तो जगप्रसिद्ध संवाद पटकथेत नव्हता. ट्रॅव्हिस स्वतःशी बोलतो एवढंच तिथे होतं, बाकी डी नीरोने उत्स्फूर्तपणे केलं. लोक 'माझ्याशी बोलतोयस का?' एवढंच लक्षात ठेवतात. ईबर्ट यांचं म्हणणं होतं की त्यानंतरचं 'इथे माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही' हे वाक्य कुणी उद्धृत करत नाही, आणि चित्रपटातलं सर्वांत खरं वाक्य तेच आहे.

उलट बाजूने आलेल्या लेखनात मॅनी फार्बर आणि पॅट्रिशिया पॅटरसन यांचा 'फिल्म कॉमेंट'मधला लेख सर्वांत चिवट. दोघांनी चित्रपटाची दृश्यशक्ती नाकारली नाही. तिच्यामुळेच त्यांना तो जास्त खटकला. काळ्या माणसांवर कॅमेरा रेंगाळतो तो ट्रॅव्हिसच्या भयासह रेंगाळतो. टॅक्सीवाले रात्री जिथे जमतात त्या कॅफेटेरियात भडक कपड्यांतले काळे पुरुष बोटं वाजवत बसलेले संथ गतीत दिसतात, आणि त्यांना ना नाव आहे ना संवाद. दुकानातल्या दरोड्यात ट्रॅव्हिस एका काळ्या पोराला गोळी घालतो, मग दुकानदार पडलेल्या देहाला लोखंडी दांड्याने झोडपतो, आणि चित्रपट पुढे जातो. श्रेडरच्या मूळ पटकथेत मारला जाणारा दलाल काळा होता. तसं दाखवलं तर थिएटरात दंगली होतील, या भीतीने तो गोरा केला आणि ती भूमिका हार्वी कायटेलकडे गेली. म्हणजे ट्रॅव्हिसचा वंशद्वेष नजरेत राहिला आणि गोळीच्या टोकाला गोरे लोक आले. हा बदल व्यवहारी होता, बहुधा शहाणपणाचाही. पण त्यामुळे चित्रपट जिथे सर्वांत अस्वस्थ करणारा ठरला असता तिथेच जरा सोपा झाला, आणि या आक्षेपाला समर्थकांकडून धड उत्तर आलेलं मी वाचलेलं नाही. 'तो ट्रॅव्हिसचा दृष्टिकोन आहे' हे उत्तर अर्धंच आहे. स्कॉर्सेसी स्वतः मागच्या सीटवर बसून, बायकोच्या काळ्या प्रियकराबद्दल गरळ ओकणारा प्रवासी झाला आहे. ते दृश्य ट्रॅव्हिसच्या डोक्यातून येत नाही; द्वेष शहरभर आहे हे दाखवायला ते येतं. तसंच काहीतरी कॅफेटेरियातही करता आलं असतं.

प्रमाणपत्र आणि कान

पहिल्या ज्युरीची गोष्ट छोटी आहे. शेवटच्या गोळीबारामुळे प्रमाणपत्र मंडळ 'एक्स' (फक्त प्रौढांसाठी) देण्याच्या बेतात होतं; तसं झालं असतं तर बहुतेक थिएटरांची दारं बंद झाली असती. स्कॉर्सेसीने कापाकापी करण्याऐवजी त्या प्रसंगातले रंग उतरवले. लाल रक्त तपकिरी झालं आणि त्याहून सौम्य असं 'आर' मिळालं. छायाचित्रकार मायकल चॅपमनला ते रुचलं नव्हतं. परिणाम असा झाला की तो प्रसंग जुन्या गुन्हेवृत्ताच्या छापील फोटोसारखा दिसू लागला, म्हणजे जास्तच भीषण. २०११ साली चित्रपटाचं नव्याने जतन-संस्करण झालं तेव्हाही उतरवलेले रंगच ठेवले गेले. मंडळाने घातलेली अट आता चित्रपटाची शैली म्हणून अभ्यासली जाते.

मे १९७६ मध्ये कान. ज्युरीचे अध्यक्ष टेनेसी विल्यम्स. ज्याच्या नाटकांत बलात्कार आहे, नरभक्षण आहे, त्या नाटककाराने महोत्सवातच पडद्यावरच्या वाढत्या हिंसेविरुद्ध जाहीर नाराजी व्यक्त केली. अशी हिंसा पाहणं प्रेक्षकालाच पाशवी करतं, असा त्यांचा मुद्दा होता. 'टॅक्सी ड्रायव्हर'च्या आशा तिथेच संपल्या असं सगळ्यांनी धरलं. तरीही पाम द'ओर, म्हणजे महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, त्यालाच मिळालं, आणि जाहीर होताच सभागृहात हुर्यो उठली. अध्यक्षांचं मत एक आणि ज्युरीचा कौल दुसरा, हे दृश्य कानला नवं नव्हतं. पण या चित्रपटाबाबतची फूट इतकी उघड्यावर त्याआधी आली नव्हती.

त्याच स्पर्धेत आपल्याकडचाही एक चित्रपट होता: श्याम बेनेगल यांचा 'निशांत'. पटकथा विजय तेंडुलकरांची. खेड्यातल्या जमीनदारांनी शिक्षकाची बायको उचलून नेलेली, आणि शेवटी गाव पेटून उठतं तेव्हा दोषी-निर्दोष हा भेद कुणीच पाळत नाही. तेंडुलकर तेव्हा नेहरू शिष्यवृत्तीवर समाजातल्या वाढत्या हिंसेचाच अभ्यास करत होते (१९७३ ते ७५). एकाच ज्युरीने दोन्ही चित्रपट पाहिले, हा नुसता योगायोग म्हणून सोडून देता येईल. मला त्यात एक फरक जाणवतो. 'निशांत'मध्ये हिंसेला कारण आहे आणि ते सर्वांना माहीत आहे. प्रश्न उरतो तो ती हिंसा कुठे थांबते हा. ट्रॅव्हिसच्या हिंसेला कारणच नाही. दिवसा सेनेटर, रात्री दलाल: लक्ष्य बदलतं, गोळ्या त्याच. 'सखाराम बाइंडर'वर महाराष्ट्रात झालेली हमरीतुमरी ज्यांना आठवते त्यांना, लेखक पात्राच्या बाजूने आहे का, हा प्रश्न नवा वाटणार नाही. फक्त तेंडुलकरांच्या पात्रांना निदान घर असतं, ज्यात ती एकमेकांना ओरबाडतात. ट्रॅव्हिसला ओरबाडायलाही कुणी नाही.

ऑस्करला चार नामांकनं: चित्रपट, डी नीरो, फॉस्टर आणि बर्नार्ड हर्मन यांचं संगीत. स्कॉर्सेसी आणि श्रेडर दोघेही नामांकनाबाहेर. हर्मन यांनी डिसेंबर १९७५ मध्ये ध्वनिमुद्रण संपवलं आणि काही तासांतच, नाताळच्या आदल्या दिवशी, त्यांचं निधन झालं. चित्रपट त्यांनाच अर्पण केला आहे. मार्च १९७७ मध्ये चारपैकी एकही ऑस्कर मिळालं नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'रॉकी', तोही मोठ्या शहरातल्या एका एकट्या माणसाचाच, पण शेवटी प्रेक्षकाला उठून टाळ्या वाजवायला लावणारा. अकादमीने काय निवडलं याहून तिला कसला एकटेपणा हवा होता, हे त्यातून जास्त कळतं. ब्रिटनच्या बाफ्ताने फॉस्टर आणि हर्मन यांना पुरस्कार दिले.

गल्ला उत्तम होता. सुमारे एकोणीस लाख डॉलरमध्ये झालेल्या चित्रपटाने अमेरिकेतच दोन कोटी ऐंशी लाखांच्या आसपास कमावले. इथे एक गैरसोयीची गोष्ट आहे. थिएटरात गोळीबार सुरू झाला की लोक आरडाओरडा करून त्याला साथ देत. स्कॉर्सेसी पुढे सांगायचा की हे पाहून आपण हादरलो, कारण 'चला, मारूया' ही भावना आपल्याला जागवायची नव्हती. मला त्याचं आश्चर्य वाटण्याचंच आश्चर्य वाटतं. दोनच वर्षांपूर्वी 'डेथ विश'ने, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर गुंडांना टिपत फिरणारा सज्जन नायक दाखवून, प्रेक्षकाला नेमक्या याच जागी टाळ्या वाजवायची सवय लावली होती. दीड तास माणसाला शिट्टी लावलेल्या कुकरसारखं तापवत न्यायचं आणि मग झाकण उडाल्यावर लोक ओरडले म्हणून दचकायचं, हे फारसं पटत नाही.

भिंतीवरची कात्रणं

आता शेवट. गोळीबार संपतो, कॅमेरा छतावरून रक्ताळलेल्या खोलीकडे पाहत मागे मागे सरकत रस्त्यावर येतो. मग ट्रॅव्हिसच्या खोलीची भिंत दिसते. तिच्यावर वर्तमानपत्रांची कात्रणं चिकटवलेली: टॅक्सीवाल्याने गुंडांशी झुंज दिली, मुलीला सोडवलं. आयरिसच्या वडिलांचं पिट्सबर्गहून आलेलं आभाराचं पत्र आपल्याला ऐकू येतं. ट्रॅव्हिस पुन्हा कामावर, बेट्सी त्याच्या टॅक्सीत बसते, तो भाडं घेत नाही. ती उतरते, तो आरशात एकदम काहीतरी पाहतो, संगीतात एक बोचरा उलटा सूर येतो, आणि चित्रपट संपतो.

हे सगळं मरणाऱ्या ट्रॅव्हिसच्या डोक्यातलं स्वप्न आहे, असं वाचन खूप लोकप्रिय झालं. त्यामागची गरज मला समजते: खुन्याला हीरो ठरवणारा शेवट खरा मानला तर चित्रपट अनैतिक ठरेल, म्हणून त्याला स्वप्नात ढकलायचं. श्रेडरने हे वाचन उचलून धरलेलं नाही. त्याच्या मते ट्रॅव्हिस बरा झालेला नाही, शेवटची फ्रेम पहिल्या फ्रेमला जोडता येईल, आणि पुढच्या वेळी तो हीरो ठरणार नाही. समीक्षक रॉबिन वुड यांनी १९८० च्या सुमारास या चित्रपटाला 'विसंगत संहिते'चा नमुना म्हटलं. नायकाबद्दल काय वाटावं हे चित्रपटाला ठरवता येत नाही, कारण ज्या संस्कृतीतून तो आला तिलाच ते ठरवता येत नाही. वुड यांनी स्कॉर्सेसी आणि श्रेडर यांच्या दृष्टींतली ओढाताणही दाखवली. हे वाचन स्वप्नाच्या वाचनापेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे, पण कात्रणांकडे तेही पुरेसं थांबत नाही.

कात्रणं म्हणजे या चित्रपटाचं पहिलं परीक्षण आहे, आणि ते चुकलेलं आहे. आपण दीड तास ट्रॅव्हिससोबत काढला. तो काही तासांपूर्वी सेनेटरला मारायला निघाला होता, हे आपल्याला माहीत आहे. वार्ताहरांना माहीत नाही. त्यांच्यासमोर तीन मेलेले गुंड, एक सुटलेली मुलगी आणि एक जखमी माजी सैनिक आहे. बातमी तयारच आहे. सेनेटरला मारायचा बेत फळाला आला असता तर हाच चेहरा पहिल्या पानावर देशद्रोही म्हणून छापला गेला असता. चित्रपट इतकंच सांगतो, आणि लगेच तीच चाचणी थिएटरातल्या लोकांवर घेतो. जे ओरडले ते वर्तमानपत्राच्या बाजूने ओरडले.

शेवट अविश्वसनीय आहे असं म्हणणाऱ्यांना १९८४ च्या डिसेंबरात उत्तर मिळालं. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बर्नहार्ड गेट्झ या गोऱ्या माणसाकडे चार काळ्या तरुणांनी पाच डॉलर मागितले आणि त्याने चौघांवर गोळ्या झाडल्या. एक जण कायमचा पंगू झाला. शहराच्या मोठ्या भागाने गेट्झला डोक्यावर घेतलं. १९८७ मध्ये ज्युरीने त्याला खुनाच्या प्रयत्नाच्या आरोपातून सोडलं. शिक्षा झाली ती बेकायदा हत्यार बाळगल्याबद्दल. 'टॅक्सी ड्रायव्हर'च्या शेवटाला स्वप्न म्हणणाऱ्यांनी ती वर्तमानपत्रं पाहायला हवीत.

चौथी ज्युरी

३० मार्च १९८१. वॉशिंग्टनच्या हिल्टन हॉटेलबाहेर जॉन हिंक्लीने राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या. रेगन, त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडी, एक सुरक्षा अधिकारी आणि एक पोलीस जखमी झाले. ब्रेडी उरलेलं आयुष्य अपंगावस्थेत जगले. हिंक्लीने 'टॅक्सी ड्रायव्हर' पुन्हा पुन्हा पाहिला होता, जोडी फॉस्टरच्या मागे तो येल विद्यापीठापर्यंत गेला होता, आणि त्या दिवशीच तिच्यासाठी लिहिलेल्या पत्रात हे सारं तुझं मन जिंकण्यासाठी, असं म्हटलं होतं. त्याच संध्याकाळी व्हायचा ऑस्कर सोहळा एक दिवस पुढे ढकलला. दुसऱ्या दिवशी डी नीरोला पुरस्कार मिळाला तो 'रेजिंग बुल'साठी. दिग्दर्शक पुन्हा स्कॉर्सेसीच.

१९८२ च्या खटल्यात बचाव पक्षाने चित्रपट ज्युरीला दाखवला. आजारी मनाने ट्रॅव्हिसचं आयुष्य आपलं मानलं, असा त्यांचा युक्तिवाद होता. २१ जूनला निकाल आला: वेडाच्या कारणावरून निर्दोष. लोक इतके भडकले की १९८४ मध्ये अमेरिकी काँग्रेसने वेडाच्या बचावाचा संघराज्य कायदाच कडक केला. चित्रपटाच्या स्वागताच्या इतिहासात मला हा सर्वांत विचित्र टप्पा वाटतो. समीक्षकांना सहा वर्षं न सुटलेला प्रश्न, म्हणजे ट्रॅव्हिसच्या नजरेतून जग पाहणं म्हणजे नेमकं काय, तो इथे मानसोपचारतज्ज्ञांच्या साक्षींत आणि कायद्याच्या भाषेत विचारला गेला. उत्तर एका रुग्णापुरतं मिळालं, चित्रपटाबद्दल नाही. तरी त्यानंतरच्या लेखनात हिंक्ली टाळता आला नाही, आणि अनेकदा त्यानेच चित्रपटाची जागा खाल्ली.

मानसन्मान त्यानंतर आले. १९९४ मध्ये चित्रपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला. 'साइट अँड साउंड' या ब्रिटिश चित्रपट मासिकाच्या २०१२ च्या मतदानात दिग्दर्शकांनी त्याला पाचवं स्थान दिलं, समीक्षकांनी एकतिसावं. समीक्षकांचा हात तेव्हाही थोडा आखडताच. २०१९ मध्ये 'जोकर' आला, त्यात डी नीरोही होता, आणि १९७६ चा वाद जवळजवळ शब्दशः पुन्हा झाला. फक्त यावेळी चित्रपट लागण्याआधीच सुरू झाला.

या सगळ्या लेखनात सर्वांत कमी जागा आयरिसला मिळाली आहे. ट्रॅव्हिसने तिला वाचवलं की नाही, हे समीक्षक विचारतात. तिला काय हवं होतं ते फारसं कुणी विचारत नाही. गोळीबारात ती रडत 'मारू नकोस' म्हणते. नंतर जे पत्र येतं ते तिचं नाही, वडिलांचं आहे. तिला परत रुळायला फार कठीण जातंय, आणि ती पुन्हा पळून जाणार नाही याची तजवीज आम्ही केली आहे, असं ते लिहितात. कसली तजवीज, ते सांगत नाहीत. चित्रीकरणाच्या वेळी फॉस्टर बाराची होती. काही दृश्यांत तिच्या जागी मोठी बहीण उभी राहिली. हिंक्ली प्रकरणानंतर, डिसेंबर १९८२ मध्ये, तिने 'एस्क्वायर' मासिकात एक लेख लिहिला, 'मीच का?' अशा शीर्षकाचा. ज्या स्त्रीच्या नावाने गोळ्या झाडल्या गेल्या तिचं हे एकमेव सविस्तर लेखन. त्यानंतर त्या विषयावर ती फार क्वचित बोलली आहे.